सामाजिक सुरक्षेचे जोते

आशियातील विकसनशील देशांत सर्वांना पुरेल अशी सामाजिक सुरक्षा कशी उभारता येईल, या विषयावर आम्ही बोलावे असे व्याख्यानमालेच्या चालकांनी सुचविले, तेव्हा आम्ही थोडे बिचकलो. या व्यासपीठावरून मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. आमचे शाळेतील शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके आणि न्यायालयांचे निवाडे चाळता चाळता झाले. परंतु या विषयाची पहिली ओळख आम्हाला पुस्तकातून झालेली नाही. ती घरातच झाली. म्हणून आमंत्रण स्वीकारले. त्या दिवशी जे बोललो तेच येथे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आमचे वडील मुंबईच्या एका कापड गिरणीत साचेवाले होते. घरात विम्याचे एक कार्ड असे. आई आजारी पडली की ते कार्ड घेऊन दवाखान्यात जायचे. वडील तापाने पडले तर खाड्यांचा काही पगार मिळायचा. फंडात दरमहा भर पडत होती. आमची खोली दहा बाय बाराची असली तरी त्या कार्डामुळे घराला एक धीर होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांपैकी अनेकांना पुन्हा आत जाता आले नाही. वडिलांची नोकरी गेली. नोकरीबरोबर वर्गणी थांबली, आणि वर्गणी थांबल्यावर ठरलेल्या मुदतीनंतर हक्कही संपला. पुढच्याच वर्षी त्यांना क्षय झाला.

दवाखान्याच्या खिडकीवरील कारकून वाईट माणूस नव्हता. तो हळहळला, पण “नाव पटावर नाही” यापलीकडे त्याला काही सांगता येईना. त्याचा दोष नव्हता, कायदाच तसा होता. वडिलांचा देह तोच, चाळ तीच, शहर तेच. ज्या वेळी आधाराची सर्वांत अधिक गरज होती नेमक्या त्याच वेळी तो सुटला. आईने गळ्यातल्या सोन्याच्या वाट्या विकल्या आणि आमची शाळा सुटली. त्या वयात एक प्रश्न मनात रुतला तो आजतागायत निघाला नाही : हे जे संरक्षण होते, ते आमच्या वडिलांना होते की त्यांच्या नोकरीला?

आजच्या विषयाचे सारे मर्म या प्रश्नात आहे, असे आमचे मत आहे.

सामाजिक सुरक्षा म्हणजे काय, हे आधी पाहू. आजारपण, बाळंतपण, अपघात, अपंगत्व, बेकारी, म्हातारपण, घरच्या कर्त्या माणसाचा मृत्यू, ही संकटे श्रीमंतालाही येतात. पण श्रीमंताजवळ साठवण असते. हातावर पोट असणाऱ्याची साठवण म्हणजे त्याचे दोन हात. ते थांबले की चूल थांबते. अशा वेळी उपकार म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून समाजाने आधार द्यावा, ही या व्यवस्थेची मूळ कल्पना. तिची आधुनिक सुरुवात जर्मनीत बिस्मार्कच्या काळात झाली : १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघाताचा, १८८९ मध्ये वार्धक्याचा. मालकाने काही द्यायचे, कामगाराने काही द्यायचे आणि जमलेल्या निधीतून गरजवंताला द्यायचे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५२ मध्ये किमान मानकांचा करार केला, त्यात अशा आधाराच्या नऊ शाखा सांगितल्या आहेत.

आपल्याकडेही हीच वाट धरली गेली. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा, मुंबई इलाख्याचा १९२९ चा बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा, १९४८ चा राज्य विमा कायदा आणि १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा, हे त्या वाटेवरचे मैलाचे दगड होत. राज्य विमा योजनेचा आरंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला झाला. या कायद्यांना आम्ही कमी लेखणार नाही. त्यांतील एकेका कलमामागे कोणाच्या तरी उपाशी पोटाचा इतिहास आहे. पण या सर्व घराचा दरवाजा एकच आहे : मालकाचा हजेरीपट. पटावर नाव असेल त्याने आत यावे. नसेल त्याने बाहेर उभे राहावे.

आणि बाहेर उभे आहेत तरी किती? आपल्या देशात काम करणाऱ्या दर दहा माणसांपैकी सुमारे नऊ जण असंघटित, अनौपचारिक कामात आहेत. शेतमजूर, बिगारी, घरकाम करणाऱ्या बाया, फेरीवाले, हातमागवाले, रिक्षावाले, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या स्त्रिया. एकदा आम्ही वस्तीत बसून अर्ज भरून देत होतो. एक भाजीवाली आजी समोर आल्या. अर्जात रकाना होता, ‘मालकाचे नाव व पत्ता’. आम्ही विचारले, “आजी, येथे काय लिहू?” त्या म्हणाल्या, “मालक? लेका, पहाटे तीनला उठून मी मार्केटला जाते, मालक कोण असणार? देवाचं नाव घाल, पत्ता त्याचाही ठाऊक नाही.” भोवतालच्या बाया हसल्या. आम्हीही हसलो, पण तो रकाना रिकामा राहिला, आणि रिकाम्या रकान्याचा अर्ज पुढे सरकत नाही हे आम्हाला ठाऊक होते.

यावर काही जण म्हणतात, “घाई कशाला? देशात कारखानदारी वाढेल, लोक पटावर येतील आणि आपोआप संरक्षणाखाली येतील.” ही गोष्ट अगदीच खोटी नाही. दक्षिण कोरियाने १९७७ मध्ये पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपासून सक्तीचा आरोग्य विमा सुरू केला. मग लहान कारखाने, मग खेडी, मग शहरातील स्वतंत्र धंदेवाले घेत घेत १९८९ मध्ये साऱ्या देशाला त्यात आणले. जपानने हे काम १९६१ मध्ये पुरे केले. पण कोरियाच्या त्या बारा वर्षांत कारखानदारी झपाट्याने वाढत होती. वरून सोडलेली शिडी जमिनीपर्यंत पोहोचू शकली. आपल्याकडे १९५२ पासून शिडी सोडलेली आहे, आणि सत्तर वर्षे उलटली तरी तिचा खालचा टोक बहुसंख्यांच्या हाताला लागत नाही. उलट जे एकेकाळी शिडीवर होते तेही कंत्राटदाराच्या हाताखाली जाऊन खाली आले.

तेव्हा दुसरा विचार करावा लागतो. आमचे मूळ गाव कोकणात. तेथे घर बांधताना पहिल्याने जोते बांधतात. भिंती मातीच्या असोत की चिऱ्याच्या, जोते भक्कम आणि हातभर उंच हवे. नाहीतर आषाढातले पाणी थेट चुलीपर्यंत येते. माडी बांधायची ती पुढे ऐपत येईल तशी. सामाजिक सुरक्षेचेही तसेच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१२ मध्ये २०२ क्रमांकाची शिफारस संमत केली, तिचे सार हेच आहे. प्रत्येक देशाने आपल्या ऐपतीप्रमाणे, पण सर्वांसाठी, चार गोष्टींची हमी द्यावी : बाळंतपणासह आवश्यक वैद्यकीय उपचार, मुलांच्या अन्नवस्त्राला आणि शिक्षणाला पुरेल असा आधार, आजार, बेकारी, बाळंतपण किंवा अपंगत्व यांमुळे कमावता न येणाऱ्यांना किमान उत्पन्न, आणि वृद्धांना किमान उत्पन्न. हे झाले जोते. वर्गणीवर चालणारा विमा, फंड, निवृत्तिवेतन ही त्यावरची माडी. जोत्यावर उभे राहण्यासाठी मालकाचे नाव सांगावे लागू नये. माणूस तेथे राहतो आणि जगतो, एवढी ओळख पुरे झाली पाहिजे.

‘बोलायला सोपे,’ असे वाचक म्हणतील. म्हणून ज्यांनी हे करून दाखविले अशा एका देशाची हकिगत जरा विस्ताराने सांगतो.

थायलंड हा आपल्यासारखाच भात पिकविणारा देश. १९९० च्या दशकात तेथेही संरक्षणाचे तुकडे होते. सरकारी नोकरांची एक योजना, खाजगी नोकरांसाठी १९९० च्या कायद्याची दुसरी, गरिबांसाठी १९७५ पासून चालत आलेली तिसरी, पैसे भरून घ्यायच्या आरोग्य कार्डाची चौथी. इतके ठिगळ लावूनही सुमारे एक कोटी ऐंशी लाख माणसे उघडीच होती. त्यात १९९७ मध्ये बाथ हे त्यांचे चलन कोसळले आणि कारखाने धडाधड बंद पडले. ‘तिजोरीत खडखडाट आहे, आता हे नको’ असे म्हणण्याची त्याहून चांगली वेळ कोणती? पण घडले उलट.

डॉ. सांगुआन नितयारुम्फोंग या, ग्रामीण रुग्णालयात उमेदवारी केलेल्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडून दाखविला, की विखुरलेला सरकारी पैसा एकत्र केला आणि माणशी ठराविक रक्कम रुग्णालयांना दिली, तर सर्वांना उपचार देणे शक्य आहे. दुसरीकडे स्त्रियांच्या, कामगारांच्या, शेतकऱ्यांच्या, एचआयव्हीबाधितांच्या संघटना एकत्र आल्या. त्यांच्या १९९७ च्या राज्यघटनेत पन्नास हजार नागरिकांच्या सह्यांनी कायद्याचा मसुदा संसदेपुढे ठेवण्याची सोय होती. त्यांनी सह्या जमविल्या. जानेवारी २००१ च्या निवडणुकीत एका पक्षाने ही कल्पना उचलली. तो निवडून आला. एप्रिल २००१ मध्ये सहा प्रांतांत आरंभ झाला आणि वर्षभरात योजना साऱ्या देशभर पसरली. नोव्हेंबर २००२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कायदा झाला. एका भेटीला तीस बाथ द्यायचे. त्या वेळच्या आपल्या तीस-बत्तीस रुपयांइतके. बाकीचा खर्च करातून. सुमारे पावणेपाच कोटी लोक या योजनेखाली आले.

यांतील चार गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, वर्गणी नाही. फेरीवाल्याकडून दरमहा वर्गणी गोळा करण्याचा खर्च वर्गणीहून अधिक होतो, हे त्यांनी ओळखले आणि कराचा पैसा वापरला. दुसरी, कार्ड देण्याआधी दवाखाने होते. १९७२ पासून नव्या डॉक्टरांना सरकारी सेवा सक्तीची केली होती आणि पुढच्या दोन दशकांत तालुक्यातालुक्याला रुग्णालये उभी राहिली होती. आडात पाणी असेल तरच पोहऱ्यात येते. तिसरी, उपचाराची सुरुवात गावाजवळच्या दवाखान्यापासून आणि साध्या औषधापासून होते. माणूस खाटेवर पडेपर्यंत थांबावे लागत नाही. चौथी, जोते एकदा बांधले की ते उंचावता येते. मूत्रपिंड निकामी झालेल्यांचे डायलिसिस प्रथम योजनेत नव्हते. खर्चाच्या भयाने वगळले होते. रुग्णांनी आवाज उठविला, आणि २००८ पासून तेही मिळू लागले. २००९ मध्ये साठीवरील वृद्धांना, ज्यांना दुसरे निवृत्तिवेतन नाही अशांना, दरमहा पाचशे बाथचा भत्ता सर्वत्र सुरू झाला.

तेथे सारे गोड झाले असे मात्र नाही. रुग्णालयांवर ताण पडला, सरकारी डॉक्टर खाजगीकडे वळले, माणशी रक्कम अपुरी असल्याची तक्रार वारंवार झाली. आणि एक गोष्ट आम्हा कामगार चळवळीतल्यांना टोचणारी आहे. सर्व योजना एकाच निधीत आणण्याचा विचार निघाला, तेव्हा सरकारी नोकरांबरोबर संघटित कामगारांनीही विरोध केला. आपले ताट वाटले जाईल, ही भीती. त्या विरोधाकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

आता शेजारच्या नेपाळकडे पाहू. डिसेंबर १९९४ मध्ये मनमोहन अधिकारी यांच्या सरकारने घोषणा केली, की पंचाहत्तर वर्षांवरील प्रत्येकाला दरमहा शंभर रुपये मिळतील. सरकारी निवृत्तिवेतन घेणारे तेवढे वगळले. बाकी ना गरिबीचा दाखला, ना मालकाचे नाव. १९९५ मध्ये भत्ता सर्व जिल्ह्यांत गेला. ते सरकार अवघे नऊ महिने टिकले, भत्ता मात्र टिकला. पुढे देशात यादवी झाली, राजेशाही गेली, सरकारे आली आणि गेली. पण हा भत्ता बंद करण्याची कोणाची छाती झाली नाही. वयाची अट खाली आली, रक्कम वाढत गेली आणि २०२१ मध्ये ती दरमहा चार हजार नेपाळी रुपये झाली, म्हणजे आपले अडीच हजार.

योगायोग पाहा. त्याच १९९५ च्या १५ ऑगस्टला आपल्या केंद्र सरकारने वृद्धांसाठी दरमहा पंचाहत्तर रुपयांची योजना सुरू केली. ती होती निराधार वृद्धांपुरती. पुढे दारिद्र्यरेषेचा दाखला लागू लागला. केंद्राचा वाटा वाढून दोनशे रुपयांवर आला आणि ऐंशीच्या आतल्या वृद्धांसाठी तेथेच वर्षानुवर्षे बसून राहिला. राज्ये आपापली भर घालतात म्हणून वृद्धांच्या हाती काही अधिक पडते, हे खरे. पण आपल्याहून गरीब असलेला देश पुढे का गेला? आम्हाला उत्तर असे दिसते : जे सर्वांच्या आजीला मिळते त्याचा पाठीराखा सारा देश असतो, जे फक्त निराधार म्हातारीला मिळते त्याची पाठीराखी ती एकटी म्हातारी. दाखला मिळविण्यासाठी तिने तलाठ्याच्या कचेरीत घातलेल्या खेपांचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही.

पैशाचा प्रश्न उरतो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आम्हाला नेहमी ऐकविली जाते. म्हण चांगली आहे. पण पाय तर आजही पसरावे लागतातच. आजारपणाचा खर्च आजही कोणीतरी देतोच. फरक एवढाच, की तो सावकाराच्या व्याजातून, विकलेल्या शेळीतून आणि मुलाच्या सुटलेल्या शाळेतून दिला जातो. प्रश्न खर्च करावा की नाही हा नसून तो कोणी आणि कशा रीतीने सोसावा, हा आहे.

याचे उत्तर देण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रानेच केला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना वाढली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, आणि काम न दिल्यास भत्ता. त्यासाठी पैसा कोठून आला? १९७५ मध्ये नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविला. शहरात पगार घेणाऱ्याने खेड्यात खडी फोडणाऱ्याच्या मजुरीसाठी चार पैसे दिले. पगाराच्या चिठ्ठीवरचा तो छोटासा आकडा पुष्कळांनी कुरकुरत दिला असेल. पण त्या आकड्याने शहराचे आणि गावाचे एक नाते कायद्यात लिहून ठेवले. देशाने २००५ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, त्याची मुळे येथे होती.

जोत्यावरच्या माडीचाही नमुना आपल्या घरात आहे. माथाडी कामगाराला एक मालक नसतो. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची. अण्णासाहेब पाटील यांनी या हमालांना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ. त्या मंडळाकडे टोळीची नोंद. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने पगार, फंड, ग्रॅच्युइटी, औषधोपचार पाहायचे. अर्जातल्या ‘मालकाचे नाव’ या रकान्यावर याहून चतुर उत्तर आम्हाला माहीत नाही. मालक पाच असोत वा पन्नास, पट एकच. या कायद्यातही पळवाटा निघाल्या, बनावट टोळ्या शिरल्या. पण दोष माणसांच्या लोभाचा, कल्पनेचा नव्हे. आज मोबाइलवरून माल पोहोचविणाऱ्या पोरांनाही असा पट देता येईल; त्यांच्या कामाची प्रत्येक खेप यंत्रात नोंदलेली असतेच.

आता आमच्या स्वतःच्या माणसांशी दोन शब्द. सभेत हा विषय काढला की आमचेच सभासद विचारतात, “सगळ्यांना दिले तर आमचे कमी होणार नाही ना?” प्रश्न प्रामाणिक आहे. थायलंडच्या कामगारांनाही तोच पडला होता. आमचे उत्तर दुहेरी आहे. सर्वांना जोते देतो असे सांगून कोणी माडी पाडू लागला, तर आम्ही त्याच्या आडवे जाऊ. किमान हमी ही संघटित कामगारांचे हक्क छाटण्याची कात्री होता कामा नये. पण जोते नको म्हणून माडीवर बसून राहणाऱ्यांना आम्ही १९८२ ची आठवण देऊ. त्या वेळी आमची चाळही माडीवरच राहत होती. माडी गेल्यावर खाली पाय टेकायला काही नव्हते, सरळ चिखल होता. ज्याच्या घरात एकाची नोकरी कायम आहे, त्याच्या घरात मुलगा कंत्राटावर आहे, सून घरी शिलाई करते आणि गावी आईबाप आहेत. जोते परक्याचे नाही.

शेवटी, योजना आणि कायदा यांतला भेद विसरू नये. योजना देणाऱ्याच्या मर्जीवर, आणि पुष्कळदा निवडणुकीच्या हंगामावर चालते. कायद्यात बसलेला हक्क मागता येतो, नाकारला तर भांडता येतो. आपल्याकडेही पावले पडत आहेत. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली गरीब कुटुंबांना रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंतचे छत्र आहे, आणि २०२४ मध्ये सत्तरीवरील सर्वांना, उत्पन्न न विचारता, त्यात घेतले. ‘उत्पन्न न विचारता’ हे दोन-तीन शब्द आम्हाला फार मोलाचे वाटतात. त्यांची व्याप्ती सत्तरीखाली आणि रुग्णालयाच्या खाटेअलीकडे, रोजच्या औषधापर्यंत आणावी, ही पुढची मागणी. ती मागणी सरकारला आपणहोऊन सुचेल अशी वाट पाहू नये. थायलंडात पन्नास हजार सह्या कोणीतरी दारोदार फिरूनच गोळा केल्या होत्या.

त्या भाजीवाल्या आजी आता नाहीत. त्यांची सून तीच पाटी घेऊन त्याच कोपऱ्यावर बसते. मध्यंतरी तिचा एक अर्ज भरून द्यायला आम्ही गेलो होतो. रकाना अजून तोच आहे.